कोळशातले तेल आणि दिल्लीची झोपमोड

फेब्रुवारी २००९ च्या अखेरीस, लोकसभा निवडणुकीची घोषणा अवघ्या काही दिवसांवर आली असताना, केंद्र सरकारने ओडिशातील तालचेर कोळसाक्षेत्रातले दोन अवाढव्य खाणपट्टे दोन खासगी उद्योगांच्या नावे केले. पहिला टाटा समूह आणि दक्षिण आफ्रिकेची सासोल यांच्या संयुक्त कंपनीला मिळाला, दुसरा जिंदाल स्टील अँड पॉवरला. प्रत्येक पट्ट्यात सुमारे दीडशे कोटी टन कोळसा असल्याचा अंदाज होता. एरवी असा कोळसा वीज, पोलाद किंवा सिमेंटसाठी दिला जाई. या वेळी अट निराळी होती. या कोळशापासून डिझेल, नाफ्ता यांसारखी द्रवरूप इंधने तयार करायची, आणि प्रत्येक प्रकल्पातून दररोज ८० हजार पिंपे बाहेर काढायची. गुंतवणुकीचे आकडे प्रत्येकी ४० हजार कोटी रुपयांच्या वर सांगितले जात होते. कोळसा खाते त्या वेळी खुद्द पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्याकडे होते.

त्या दोन पट्ट्यांतल्या कोळशापासून इंधनाचे एक पिंपही निघाले नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून वाटलेल्या २१८ खाणपट्ट्यांपैकी २१४ रद्द केले, त्यांत हे दोन्हीही गेले. सरकारी दफ्तरात कथा येथे संपते. न्यायालयाचा निकाल आला आणि प्रकल्प बुडाला, असे सोयीचे उत्तर राजधानीत तेव्हापासून दिले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. प्रकल्पाच्या पायातला दोष निकालाच्या साडेपाच वर्षे आधी, वाटपाच्या दिवशीच स्पष्ट दिसत होता. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरला भिडला होता. खाणपट्टे दिले गेले, तेव्हा तो ४० डॉलरच्या आसपास घसरला होता. ज्या भीतीपोटी निर्णयाची फाईल हलली, ती भीती फाईलवर सही होईपर्यंत ओसरली होती.

भारतातल्या कोळशापासून तेलाच्या कल्पनेचे हेच दुखणे आहे. तेल भडकले की दिल्लीची झोपमोड होते. तेल उतरले की दिल्ली पुन्हा कूस बदलते. असा प्रकल्प उभारायला सात-आठ वर्षे लागतात, तेलाचा भाव मात्र सहा महिन्यांत पालटतो.

रसायन सोपे, हिशेब अवघड

कोळशापासून तेल ही कल्पना नवी नाही, गूढही नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेर्गियस यांनी १९१३ मध्ये प्रचंड दाबाखाली कोळशात हायड्रोजन मिसळून त्याचे थेट द्रवात रूपांतर करण्याची रीत शोधली. त्या कामाबद्दल त्यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक कार्ल बॉश यांच्यासमवेत मिळाले. दुसरी रीत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांची, १९२० च्या दशकातली. तिच्यात आधी कोळशावर वाफ आणि प्राणवायू सोडून त्याचा वायू करतात. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचे ते मिश्रण स्वच्छ करून लोखंड किंवा कोबाल्ट या उत्प्रेरकावरून नेले, की त्यापासून डिझेल, नाफ्ता आणि मेणासारखे पदार्थ बनतात. अशा डिझेलमध्ये गंधक जवळजवळ नसतो, इंजिनाला ते उत्तम चालते.

अडचण रसायनाची नाही, पैशाची आहे. तेलशुद्धीकरण कारखान्याला तेल आयते मिळते. येथे खाण, प्राणवायूचे संयंत्र, वायूकरणाच्या भट्ट्या, शुद्धीकरण, उत्प्रेरकांचे मनोरे आणि वीज केंद्र असा संसार एकाच जागी मांडावा लागतो. त्यातला बहुतेक खर्च पहिल्या पिंपाच्या आधीच होऊन बसतो. तो भरून निघण्यासाठी तेलाचा भाव दोन-तीन दशके वर राहावा लागतो, आणि तशी हमी जगातला कोणताही बाजार देत नाही.

म्हणूनच ज्या देशांनी हा उद्योग मोठ्या प्रमाणावर उभारला, त्यांपैकी एकानेही तो बाजाराच्या भरवशावर उभारला नाही. नाझी जर्मनीने तो युद्धासाठी उभारला. तिच्या लढाऊ विमानांचे बहुतांश इंधन कोळशापासून येत असे, आणि मे १९४४ मध्ये दोस्तांच्या विमानांनी लॉयना येथील कारखान्यावर हल्ले सुरू केल्यावर त्या हवाई दलाचे पंखच कापले गेले. दक्षिण आफ्रिकेने १९५० मध्ये सासोल ही सरकारी कंपनी स्थापन केली आणि १९५५ मध्ये सासोलबर्गच्या कारखान्यातून इंधन बाहेर पडू लागले. १९७३ च्या तेलसंकटानंतर, आणि वर्णद्वेषी राजवटीवर बहिष्काराचा फास आवळला जात असताना, सेकुंडा येथे आणखी दोन कारखाने झाले. सरकारने भांडवल पुरवले, आयात तेलाविरुद्ध संरक्षण दिले आणि तेल स्वस्त झाले तरी सासोलला किमान भाव मिळेल अशी तजवीज अनेक वर्षे केली. चीनमध्ये शेनहुआ या सरकारी कंपनीने ऑर्डोस येथे वर्षाला सुमारे दहा लाख टनांचा थेट द्रवीकरण प्रकल्प २००८ च्या अखेरीस सुरू केला. तिच्याच उपकंपनीने २०१६ मध्ये निंगशिया प्रांतात चाळीस लाख टनांचा दुसरा प्रकल्प चालू केला.

उलट उदाहरण अमेरिकेचे आहे. १९८० मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या काळात कृत्रिम इंधनांसाठी मोठ्या गाजावाजाने एक सरकारी महामंडळ स्थापन झाले. तेल उतरू लागताच अमेरिकी काँग्रेसचा उत्साह मावळला आणि १९८६ पर्यंत ते गुंडाळले गेले. जगातल्या सर्वात श्रीमंत लोकशाहीलाही हा विमा स्वस्ताईच्या काळात चालू ठेवता आला नाही.

धनबादपासून मुंबई हायपर्यंत

भारताची या विषयाशी ओळख प्रजासत्ताकाइतकीच जुनी आहे. धनबादजवळ केंद्रीय इंधन संशोधन संस्था १९५० मध्ये सुरू झाली. देशात तेल जवळजवळ नाही, कोळसा मात्र मुबलक आहे, अशी तेव्हाची समजूत होती. आसाम सोडले तर कोठेही तेल सापडलेले नव्हते आणि परदेशी कंपन्यांना येथे ते शोधण्यात फारसा रस नव्हता. पुढे केशवदेव मालवीय यांच्या आग्रहातून तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला, खंबायत आणि अंकलेश्वर येथे तेल लागले, आणि कोळशाकडून तेल मिळवण्याची निकड कमी झाली.

१९७३ च्या तेलसंकटाने ती पुन्हा जागी केली. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण नुकतेच पुरे होत होते. सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखालील इंधन धोरण समितीने १९७४ मध्ये कोळसा हाच देशाच्या ऊर्जेचा मुख्य आधार असावा, असा कौल दिला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाला मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात तेल लागले. १९७६ मध्ये मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले आणि राज्यकर्त्यांची नजर खाणीतून निघून समुद्राकडे वळली. ते स्वाभाविकच होते. हाताशी तेल आले असता कोळसा आटवून तेल काढण्याची खटपट कोण करील?

त्या दशकाने एक प्रयोग मात्र मागे ठेवला, आणि तो तालचेरमध्येच होता. फर्टिलायझर कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ओडिशातील तालचेर आणि आंध्र प्रदेशातील रामगुंडम (आता तेलंगणात) येथे कोळशाचा वायू करून त्यापासून युरिया बनवणारे कारखाने उभारले. दोन्हींचे उत्पादन १९८० मध्ये सुरू झाले. पण भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के. भट्टीत जाळायलाही तो त्रासदायक, मग वायूकरणाच्या नाजूक यंत्रात तर विचारूच नका. त्यात विजेचा खंडित पुरवठा आणि यंत्रांचे वारंवार बंद पडणे यांची भर. दोन्ही कारखाने क्षमतेच्या जवळपासही कधी पोचले नाहीत आणि १९९९ मध्ये बंद झाले. २००२ मध्ये केंद्राने महामंडळाचे कारखाने कायमचे बंद करण्याचा निर्णय घेतला. भारतीय कोळशाच्या वायूकरणाचा इतका मोठा आणि महागडा अनुभव दुसऱ्या कोणाकडे नव्हता. २००९ मध्ये द्रवीकरणासाठी खाणपट्टे दिले गेले तेही तालचेरलाच. पण त्या वेळच्या चर्चेत बंद पडलेल्या युरिया कारखान्याचे नाव क्वचितच ऐकू आले.

खाण हेच आमिष

२००६ मध्ये डॉ. किरीट पारीख समितीचे एकात्मिक ऊर्जा धोरण आले. २००७ मध्ये वायूकरण आणि द्रवीकरण ही कोळसा खाणीची मान्य प्रयोजने ठरली. म्हणजे वीज किंवा पोलाद कारखान्याप्रमाणे तेल बनवणाऱ्या उद्योगालाही स्वतःची खाण मिळू शकणार होती. देशातील अनेक बड्या उद्योगसमूहांनी अर्ज केले आणि आंतरमंत्रालयीन गटाने छाननी केली.

सरकारने उद्योगांना प्रत्यक्षात काय देऊ केले, हे येथे पाहण्यासारखे आहे. भांडवलाचा वाटा दिला नाही. तेल उतरल्यास किमान भाव मिळेल, अशी हमी दिली नाही. तयार डिझेल सरकारी तेल कंपन्यांनी कोणत्या दराने घ्यावे, याचा करारही केला नाही. दिली ती फक्त खाण. दक्षिण आफ्रिका आणि चीन यांनी जोखमीचा जो भार राज्याच्या खांद्यावर घेतला होता, तो भारताने कोळशाच्या स्वस्ताईत विरघळेल असे मानले. परिणाम असा, की प्रकल्पातली एकमेव खात्रीची संपत्ती खाण ठरली आणि तेल हे भविष्यातले वचन राहिले. अशा रचनेत उद्योजक प्रामाणिक असला तरी शहाणपणाने थांबणारच. आधी तेलाचा भाव पाहील, मग परवान्यांची वाट पाहील, आणि जमिनीखालचा कोळसा कोठेही पळून जात नाही, हे त्याला ठाऊक असेल.

त्या काळी कोळसा, पेट्रोलियम आणि खते ही तीनही खाती एकाच शास्त्री भवनात होती. तरीही कोळसा देणारे खाते तेलाच्या दराबद्दल बोलू शकत नव्हते, तेलाचे खाते खाणीबद्दल बोलू शकत नव्हते, आणि पर्यावरण मंत्रालयाचा विचार सर्वात शेवटी होत होता. विमा काढायचा ठरले, पण हप्ता कोणत्या खात्याच्या तरतुदीतून जाणार, हे कोणी लिहून ठेवले नाही.

किती मोठा विमा?

या विम्याची व्याप्तीही तपासली पाहिजे. दोन्ही प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालले असते, तर दररोज एक लाख साठ हजार पिंपे, म्हणजे वर्षाला ढोबळमानाने ८० लाख टन द्रव इंधन मिळाले असते. भारताने २०२३-२४ मध्ये सुमारे २३ कोटी टन कच्चे तेल आयात केले, त्यासाठी १३० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मोजली, आणि गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणले. त्या आयातीच्या तुलनेत हे उत्पादन साडेतीन टक्क्यांच्या आसपास भरते. याने परावलंबन संपत नाही.

पण दुसरा मापदंड लावला, तर चित्र बदलते. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत गुहांत देशाने आणीबाणीसाठी तेलसाठ्याची जी सोय केली आहे, तिची एकूण क्षमता ५३ लाख टनांच्या थोडी वर आहे. म्हणजे हे दोन प्रकल्प वर्षाकाठी त्या संपूर्ण साठ्याच्या दीडपट इंधन देऊ शकले असते. समुद्रमार्ग बंद झाले, तर सैन्याच्या वाहनांना आणि शेतीच्या पंपांना ते पुरवता आले असते. कोळशाच्या तेलाचे मोल बाजारभावाने करायचे की आणीबाणीतल्या उपयोगाने, हा खरा धोरणात्मक प्रश्न आहे. बाजारभावाने केले, तर ते बहुतेक वर्षे तोट्याचे ठरेल. आणीबाणीच्या उपयोगाने केले, तर तो संरक्षण खर्चासारखा खर्च आहे, आणि तसा तो अर्थसंकल्पात उघड दिसला पाहिजे.

हप्ता तालचेर भरते

दिल्लीच्या हिशेबवहीत न दिसणारा एक हप्ता मात्र नियमित भरला जात आला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तिच्यात अंगुल-तालचेर होते. त्याच यादीत चंद्रपूरही होते. विदर्भातल्या वाचकाला तालचेर समजून घ्यायला नकाशाची गरज नाही. खाणी, औष्णिक केंद्रे, राखेचे तलाव, धुळीने माखलेले रस्ते आणि खाणीसाठी गाव सोडावे लागलेली कुटुंबे यांचे चित्र दोन्हीकडे सारखेच आहे.

कोळशापासून इंधन करताना पाणीही मोठ्या प्रमाणावर लागते. तालचेरमध्ये ते ब्राह्मणी नदीतूनच येणार, आणि त्या नदीवर वीज केंद्रांचा, पोलाद कारखान्यांचा आणि खालच्या शेतीचा भार आधीच आहे. कार्बनचा प्रश्न तर त्याहून मोठा आहे. उत्सर्जन पकडून साठवण्याची सोय नसेल, तर खाणीपासून गाडीच्या धुरापर्यंत हिशेब केल्यास कोळशाचे डिझेल साध्या डिझेलच्या जवळजवळ दुप्पट कार्बन हवेत सोडते. सासोलचा सेकुंडा येथील कारखाना वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडणारा, जगातील सर्वात मोठ्या एकस्थानी उत्सर्जन केंद्रांपैकी एक म्हणून ओळखला जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन दिले. त्या वचनाशी तालचेरच्या डिझेलचा मेळ कसा बसवायचा, याचे उत्तर कोळसा मंत्रालयाला एकट्याने देता येणार नाही.

तेलाकडून वायूकडे

गेल्या काही वर्षांत दिल्लीने या विषयाला नवा पेहराव चढवला आहे. द्रवीकरण हा शब्द मागे पडला आणि वायूकरण पुढे आले. २०३० पर्यंत दहा कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे उद्दिष्ट ठरले. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने त्यासाठी साडेआठ हजार कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. भांडवली खर्चाच्या पंधरा टक्क्यांपर्यंत, ठरावीक मर्यादेत, सरकार अनुदान देणार आहे. सरकारी कंपन्यांसाठी त्यात स्वतंत्र हिस्सा आहे. खाणींच्या लिलावात वायूकरणासाठी वापरलेल्या कोळशावर महसुली वाट्यात निम्मी सवलतही आहे. याच सुमारास कोल इंडियाला गेल आणि भेल यांच्याबरोबरचे दोन संयुक्त प्रकल्प मंजूर झाले. एकात कोळशापासून कृत्रिम नैसर्गिक वायू, दुसऱ्यात अमोनियम नायट्रेट. भेलने हैदराबाद येथे राखयुक्त भारतीय कोळशापासून दररोज पाव टन मिथेनॉल बनवून दाखवले आहे. अंगुल येथे जिंदाल यांच्या पोलाद कारखान्यात कोळशाचा वायू करून लोहखनिज वितळवण्याऐवजी त्याचे थेट लोह करण्याचे संयंत्र २०१४ मध्ये सुरू झाले होते.

२००९ च्या तुलनेत हे शहाणपणाचे आहे. येथे आमिष नुसत्या खाणीचे नाही, रोख रकमेचे आहे. युरिया, अमोनियम नायट्रेट आणि मिथेनॉल हे पदार्थही देश आज मोठ्या प्रमाणावर बाहेरून आणतो. पण जुनी खोड गेली आहे, असे म्हणण्याची घाई करू नये. तालचेरच्या बंद युरिया कारखान्याच्या जागी कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या नव्या कारखान्याची पायाभरणी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सप्टेंबर २०१८ मध्ये झाली. त्यात गेल आणि कोल इंडिया यांच्याबरोबर मुंबईची राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सही भागीदार आहे. वर्षाला पावणेतेरा लाख टनांच्या आसपास युरिया आणि तेरा हजार कोटींहून अधिक खर्च, असे त्याचे गणित होते. छत्तीस महिन्यांत उत्पादन सुरू होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. छत्तीस महिने उलटले, २०२४ सालही उलटले, तरी तालचेरचा युरिया शेतात पोचला नव्हता.

शिवाय पंधरा टक्के अनुदान उभारणीच्या वेळी मिळते. कारखाना चालू झाल्यावर जगात वायू आणि मिथेनॉल स्वस्त झाले, तर काय, या प्रश्नावर योजना फारसे बोलत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेला आणि २००९ मध्ये भारताला ज्या प्रश्नाने अडवले, तो हाच.

उत्तर अवघड आहे, पण अशक्य नाही. राष्ट्रीय सुरक्षेसाठी कोळशापासून इंधन हवे असेल, तर सरकारने मर्यादित क्षमता ठरवावी, तिच्यासाठी किमान भावाची हमी द्यावी, आणि भाव चढेल तेव्हा नफ्यातला वाटा परत घेण्याचे कलम त्याच करारात लिहावे. त्यातला ठरावीक हिस्सा पाणी, पुनर्वसन आणि कार्बन साठवणीसाठी बांधून ठेवावा. ही किंमत देणे परवडत नसेल, तर तेही संसदेत स्पष्ट सांगावे आणि तोच पैसा गुहांतल्या साठ्यात, उसाच्या इथेनॉलमध्ये किंवा विजेवरच्या वाहनांत घालावा. दोन्ही निर्णयांचे समर्थन करता येते. समर्थन करता येत नाही ते तिसऱ्या मार्गाचे, ज्यात खाण लगेच दिली जाते आणि निर्णय पुढे ढकलला जातो.

कच्चे तेल पुन्हा कधीतरी भडकेल. त्या दिवशी राजधानीत कोळशाच्या तेलाची फाईल पुन्हा वर येईल आणि तालचेरचे नाव पुन्हा घेतले जाईल. फाईल हातात घेणाऱ्या अधिकाऱ्याने दोनच प्रश्न विचारावेत. तेल उतरल्यावर हप्ता कोण भरणार? आणि १९९९ मध्ये तालचेरचा कारखाना का बंद पडला, याची नोंद या फाईलला जोडली आहे काय?